ठोकताळ्या आणि अकरा लेझमी

"ही जिऱ्याची फोडणी आहे का?" गिरिजाने विचारलं.

नीलकंठ हत्तुरे सरांनी टॅबलेट तिच्यासमोरून आपल्याकडे ओढून घेतला. पडद्यावर मृग नक्षत्रातला तेजोमेघ होता. बार्शीच्या त्यांच्या 'सप्तर्षी' सोसायटीच्या गच्चीवरून, त्यांच्या स्वतःच्या दुर्बिणीतून टिपलेला. मधला गुलाबी ढग बरा आला होता, पण भोवतीचे तारे गोल नव्हते. सगळे लांबट, टोकाशी किंचित वाकलेले आणि तेलात टाकल्यासारखे विखुरलेले. तिने एकदा जिरं म्हटल्यावर सरांनाही जिरंच दिसायला लागलं.

"तारे आहेत ते," सर म्हणाले.

"असतील. मी कुठे नाही म्हणतेय?" गिरिजाने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "बरं, मी काय सांगत होते, शेटेबाई पुढच्या रविवारी ठरवणार आहेत."

"काय?"

"कुणाला काढायचं ते. कालपासून तिसऱ्यांदा सांगतेय."

सव्वीस जानेवारीला नगरपालिकेच्या मैदानावर सगळ्या सोसायट्यांच्या महिलांच्या लेझीम स्पर्धा होत्या. सप्तर्षीच्या अकरा बायका महिनाभर खाली पार्किंगमध्ये सराव करत होत्या. हलगी वाजली की पहिले काही ठोके झकास पडायचे, मग एक वळण यायचं आणि कुणाचं तरी पाऊल चुकायचं. एकीचं चुकलं की दुसरी तिच्याकडे बघायची, तिसरी दुसरीकडे, आणि सगळं रिंगण बाजारातल्या गर्दीसारखं एकमेकींवर यायचं. कुणाचं चुकतं हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. गिरिजाच्या गुडघ्याचं मात्र मागच्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. कुणी तिला तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त रिंगण मोडलं की कुणीतरी अगदी प्रेमाने विचारायचं, "गुडघा कसा आहे हो?"

"शाळेत लेझमीचं पथक असायचं," गिरिजा म्हणाली, "तेव्हा मी कायम चपला सांभाळायला. बुटकी म्हणून. सगळ्या मैदानात नाचायच्या आणि मी चपलांच्या ढिगापाशी. आता या वयात पहिल्यांदा माझ्या हातात लेझीम आली आहे. काढलं तर मी भांडणार नाही. पण फार वाईट वाटेल मला."

"हं," सर म्हणाले. ते एक तारा बोटांनी मोठा करून बघत होते.

गिरिजाने कप उचलून परत नेला. तो भरलेलाच होता.

हत्तुरे सरांचं सगळं आयुष्य सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवण्यात गेलं होतं. आकाशाचा फोटो काढणं अवघड का, हे ते गच्चीवर येणाऱ्या मुलांना असं सांगत: जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात तुम्ही बसला आहात आणि बाहेर तुमची आई उभी आहे. तिच्याकडे सतत बघत राहायचं असेल तर काय कराल? पाळणा जिकडे फिरतो त्याच्या उलट दिशेला, बरोबर तेवढ्याच वेगाने मान फिरवाल. पृथ्वी म्हणजे तो पाळणा, तारा म्हणजे आई. आणि दुर्बीण ज्या मोटरच्या बैठकीवर बसते, ती बैठक म्हणजे मान.

मान सारखी अवघडते, हीच पंचाईत. बैठकीच्या पोटात स्क्रूसारखे आटे असलेला एक दांडा एका दातेरी चाकाला हळूहळू ढकलत नेतो. जगात कुठलाही दाता अगदी बिनचूक नसतो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात बैठक कुठे जरा पुढे जाते, कुठे जरा मागे राहते. ही चूक किती? तर दहा-पंधरा पावलांवर धरलेल्या केसाच्या जाडीएवढी. पण कॅमेऱ्याची झडप मिनिटा-मिनिटांसाठी उघडी ठेवली की तेवढ्याने ताऱ्याचं जिरं होतं.

त्यावर उपाय असतो. दुसरा एक छोटा कॅमेरा एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून बसतो आणि तो तारा हलल्यासारखा दिसला की बैठकीला सांगतो, बाई गं, इकडे सरक. सरांनी हेही केलं होतं. बैठकीचा कणा ध्रुवाच्या रोखाने पुन्हा पुन्हा जुळवला होता, दुर्बिणीचा तोल साधला होता, लोंबकळणारी वायर नाडीने बांधली होती. मागच्या महिन्यात तर चूक दाखवणारा आलेख टेबलासारखा सपाट आला, तेव्हा सरांनी सोसायटीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कळलं की छोटा कॅमेरा ताऱ्यावर नजर ठेवूनच नव्हता. त्याच्या स्वतःच्याच काचेवरचा एक बिघडलेला ठिपका कायम उजळ दिसायचा, त्यालाच तो तारा समजून बसला होता. ठिपका अर्थातच हलत नव्हता. आकाश मात्र निघून गेलं होतं.

शिवाय हा उपाय म्हणजे ताप आल्यावर दिलेली गोळी. तारा हलल्यावरच बैठक सावरणार, तोवर फोटोत डाग पडलेला. म्हणून या जानेवारीत, दोन हजार एक्केचाळीस साल नुकतं लागलं असताना, सरांनी नव्याने निघालेलं एक यंत्र मागवलं. जेवणाच्या डब्याएवढं. त्याच्याबरोबर बटणांएवढे सेन्सर होते, ते इमारतीच्या खांबांना चिकटवायचे. जे जे पुन्हा पुन्हा घडतं ते हे यंत्र शिकत असे. चाकाचा दाता, लिफ्टचा धक्का, पाण्याच्या पंपाची थरथर. एकदा शिकलं की पुढचा धक्का कधी येणार याचा अंदाज बांधून, तो यायच्या आत बैठकीला उलट बाजूला अलगद सरकवत असे. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. गिरिजाने माहितीपत्रक वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे ठोकताळ्या." तेच नाव पडलं.

दोन संध्याकाळी ठोकताळ्या गप्प होता. तिसऱ्या संध्याकाळी त्याने आपल्या सरकारी बातम्यांसारख्या आवाजात निकाल दिला.

"बैठकीची चूक दूर झाली आहे. उरलेली चूक खालून येते. वेळ साडेसातनंतर. स्रोत अनेक, प्रत्येकी दोन पाय."

सर चार मजले उतरून खाली गेले. पार्किंगमधल्या गाड्या एका बाजूला घेतल्या होत्या. पश्चिमेच्या टोकाला सोसायटीतल्या मस्क्यांच्या गाडीवर ठेवलेल्या स्पीकरमधून हलगी कडाडत होती आणि अकरा बायका एकदम पाय आपटत होत्या. प्रत्येक आपटण्यासरशी खांबात धक्का जात होता, खांबातून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून दुर्बिणीत. सर खांबाला हात लावून उभे राहिले. वरच्या जिऱ्याचं शेत खाली होतं, आणि त्यांची बायको ते पेरत होती.

जेवताना त्यांनी विषय काढला.

"तुमचा सराव सकाळी नाही का ठेवता येणार?"

"सकाळी पाणी येतं."

"दुपारी?"

"दुपारी शेटेबाई झोपतात. तुम्ही तुमचे तारे सकाळी काढा ना."

"सकाळी तारे नसतात, गिरिजा."

"मग बघा," गिरिजा म्हणाली आणि त्यांच्या पानात आमटी वाढली. त्यात जिरं जरा जास्तच होतं.

सरांनी ठरवलं, सराव थांबत नसेल तर ठोकताळ्यालाच लेझीम शिकवायची.

दुसऱ्या दिवशी ते शेटेबाईंकडे गेले. इंदुमती शेटे म्हणजे सप्तर्षीच्या अध्यक्ष. मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. ताठ कणा, पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टीच्याच दोरीत गच्चीची किल्ली ओवलेली असे. गच्ची कुणाला द्यायची, कधीपर्यंत द्यायची, हे त्या दोरीवर अवलंबून होतं.

"यंत्राला प्रत्येकीचं पाऊल ओळखीचं करून द्यावं लागेल," सरांनी सांगितलं. "माणसाच्या सहीसारखा पावलाचाही ठसा असतो. कुणी टाच आधी टेकवतं, कुणी चवडा. वजन वेगळं, चाल वेगळी. सगळ्यांनी फक्त एकेकदा चालून दाखवायचं."

"ओळख परेड," शेटेबाई म्हणाल्या. त्यांना हा शब्द आवडलेला दिसला. "चालेल. पण तुमच्या यंत्रापायी सरावाचा एक जरी दिवस फुकट गेला, तर ही किल्ली पुन्हा मिळायची नाही. आणि दुर्बीण खाली."

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये ओळख परेड झाली. भिंतीपासून खांबापर्यंत चालत जायचं आणि आपलं नाव सांगायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या नसीम बागवान भाभी निम्म्या वाटेत थांबल्या.

"सर, हे वजन तर नाही ना सांगत?"

"छे हो भाभी."

"नसीम बागवान," सरांच्या खिशातल्या फोनमधून ठोकताळ्या म्हणाला, "वजन अंदाजे..."

सरांनी फोन खिशातल्या खिशात दाबून धरला. भाभींनी उरलेलं अंतर चवड्यांवर पार केलं.

गिरिजा आपल्या नव्या गुडघ्याने सावकाश, पण न थांबता गेली. सगळ्यांत शेवटी शेटेबाई हात झुलवत, कुणी सलामी घ्यायला उभं असावं अशा थाटात गेल्या आणि खांबापाशी करकरीत वळल्या.

ठोकताळ्या शिकू लागला. त्याचबरोबर एक गोष्ट घडली जी सरांच्या डोक्यातही नव्हती. त्याला पावलं ओळखता यायला लागली म्हटल्यावर तो सगळीच पावलं ओळखायला लागला. सर गच्चीवर बसलेले असायचे आणि तो सांगायचा, "जिन्यात श्री. मस्के." पाठोपाठ मस्के वर यायचे. आपल्या डोक्यावरच्या घरात भल्या पहाटे खाट कोण ओढतं, हे त्यांना जाणून घ्यायचं असायचं. ओळख परेडमध्ये जे नव्हते त्यांचीही नावं तो दारावरच्या पाट्या आणि येण्याजाण्याच्या सवयी जुळवून शोधून काढायचा.

एकदा नसीम भाभी आल्या.

"सर, यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. रोज गच्चीवर येतात. पण साखर काही हलत नाही."

सर काही बोलायच्या आत ठोकताळ्याने उत्तर दिलं. "रझाक बागवान. गच्चीवर आगमन. वीस पावलं. त्यानंतर स्थिर. बहुधा बसलेले."

दुसऱ्या दिवशी रझाकभाई सरांना जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला, पायात नवे कोरे बूट.

"सर," ते म्हणाले, "आपण शेजारी आहोत ना?"

सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. तारे गोल करायला आणलेलं यंत्र माणसांना सरळ करायला निघालं होतं.

खरा घोळ पुढेच होता. शुक्रवारच्या सरावानंतर ठोकताळ्याने अहवाल दिला. "दहा व्यक्तींच्या पावलांचा अंदाज बांधता येतो. सर्वांत नियमित पाऊल, गिरिजा हत्तुरे. अंदाज न येणारं पाऊल एक. काही वळणांनंतर उशिरा पडतं. इंदुमती शेटे."

सरांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीशिवाय कुणी नव्हतं.

त्यांच्या लक्षात सगळं आलं. बाकीच्या बायका हलगी ऐकत नव्हत्याच, त्या शेटेबाईंच्या पांढऱ्या बुटांकडे बघून पाय टाकत होत्या. बूट उशिरा, तर त्यांच्यामागोमाग ठरल्यासारख्या सगळ्या उशिरा. हलगी ऐकून पाय टाकणारी एकटी गिरिजा. म्हणून ती बरोबर असूनही एकटीच वेगळी पडायची, आणि वेगळी दिसते ती चुकते, असा हिशेब होऊन बसला होता.

त्यांनी खाली जाऊन गिरिजाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"सर्वांत नियमित?" तिने विचारलं.

"हो."

"तो असं म्हणाला?"

"अगदी याच शब्दांत."

गिरिजा हसली. मग तिने भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच. "आणि महिनाभर सगळ्या माझ्या गुडघ्याची विचारपूस करतायत."

"मी उद्याच बाईंना सांगतो."

"सांगा. मग किल्ली जाईल तुमची."

"नाही सांगितलं तर परवा तू जाशील."

गिरिजाने भाकरी उलटली. "त्या बाईंनी जन्मभर मुलींची पावलं जुळवली हो," ती म्हणाली. "आणि आता सगळ्यांसमोर एका डब्याने सांगायचं, की बाई, तुमचंच चुकतं? मला नको अशी जागा."

"मग काय करू?"

"ते मला काय विचारता? तुमचा तो तारा वाकडा आला तेव्हा तुम्ही ताऱ्याला शिव्या दिल्या का? महिनाभर वायरी तपासत बसलात. तसंच बसा."

सर खरोखरच बसले. ठोकताळ्याने साठवलेली सगळी वळणं त्यांनी एकेक करून पाहिली. शेटेबाई प्रत्येक वळणाला उशिरा पडत नव्हत्या. उत्तरेकडे तोंड करून वळल्या की त्या चुकायच्या. दक्षिणेकडे वळल्या की त्यांचं पाऊल बरोबर ठोक्यावर पडायचं. उत्तर आणि दक्षिण. जमीन तीच, बूट तेच, हलगीही तीच. फरक एवढाच की उत्तरेकडे तोंड केलं की पश्चिमेचा स्पीकर डाव्या हाताला येत होता.

शनिवारी सराव सुरू व्हायच्या आधी सर शेटेबाईंच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाई, गच्चीची किल्ली माझ्याकडून विहिरीत पडली."

पलीकडे उभ्या असलेल्या नसीम भाभींच्या हातातली लेझीम खाली पडली. शेटेबाई शांतपणे समोर बघत राहिल्या. किल्ली त्यांच्या गळ्यातच होती हे भाभींच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

सर फिरून उजव्या बाजूला गेले. "बाई, पाणी घेता का?"

"आत्ता नको," शेटेबाई लगेच म्हणाल्या.

मग सरांना बाकीचंही आठवत गेलं. मीटिंगमध्ये बाई नेहमी भिंतीला डावा खांदा टेकवून बसायच्या. जिन्यात कुणी भेटलं की अर्धवट वळून उभ्या राहायच्या. लोकांना वाटायचं, कवायतीची सवय.

सरांनी घसा साफ केला. "बाई, एक अडचण आहे. हलगीची."

"हलगीला काय झालं?"

"आवाजालाही चालत यायला वेळ लागतो. वीज चमकते आधी आणि गडगडाट ऐकू येतो नंतर, तसं. आता स्पीकर त्या टोकाला आहे. या टोकाच्या बायकांना ठोका पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग उलटून जातो. माणसाला तो काही कळत नाही, पण..."

"हत्तुरे सर," शेटेबाई म्हणाल्या, "मी सातवीत नाही. स्पीकर कुठे हवाय ते सांगा."

"छताला. अगदी मधोमध." सरांनी तुळईकडे बोट दाखवलं. "तुम्ही उभ्या राहता तिथे, डोक्यावर."

शेटेबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सातवीतल्या मुलींना त्या नजरेची भीती का वाटत असेल, हे सरांना तेव्हा कळलं.

"लावा," त्या म्हणाल्या.

रझाकभाईंनी शिडी आणली आणि स्पीकर तुळईच्या हुकाला टांगला. हलगी सुरू झाली. पहिलं वळण, उत्तरेकडचं. अकराच्या अकरा लेझमी एकदम खणाणल्या. दुसरं वळण, तिसरं. नसीम भाभी नाचता नाचताच मोठ्याने म्हणाल्या, "अल्ला, हे काय झालं?" आणि त्यांचं पाऊल चुकलं. पण ती चूक कुणीच उचलली नाही. रिंगण पुढे गेलं.

रविवारी कुणालाही काढलं नाही. गिरिजा घरी आली, लेझीम मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि साखळीतल्या चकत्या एकेक करून पुसत राहिली. सरांनी स्वतः चहा केला. त्यात साखर घालायची राहिली होती, पण तिने तो पूर्ण प्यायला.

मंगळवारी संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. मृग पूर्वेकडे चांगला हातभर वर आला होता. खाली हलगी सुरू झाली आणि वर सरांनी कॅमेऱ्याची झडप उघडली. गच्चीचा स्लॅब तालात थरथरत होता. पण आता ती थरथर इतकी शिस्तीची झाली होती, की ठोकताळ्याला पुढचं पाऊल पडायच्या आत ठाऊक असायचं आणि दुर्बीण तेवढीच, उलट्या बाजूला, मुंगीच्या पावलाने सरकत राहायची. खाली अकरा बायका जितक्या एकदिलाने नाचतील, तितका वर तारा स्थिर.

सर चटईवर बसून खारे शेंगदाणे खात होते.

"जिन्यात इंदुमती शेटे," ठोकताळ्या म्हणाला. "पार्किंगमध्ये दहा व्यक्ती."

शेटेबाई वर आल्या. चार मजले चढूनही त्यांना दम लागला नव्हता.

"आज गिरिजाबाईंना पुढे उभं केलंय," त्या म्हणाल्या. "मला बघायचं होतं, माझ्याशिवाय होतं का ते."

"होतंय?"

"ऐकू येतंय की. उजवीकडे बसा जरा."

सर शेंगदाण्यांची पुडी घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला सरकले. शेटेबाई टाकीच्या कठड्यावर टेकल्या.

"आवाजाला चालत यायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "चांगली थाप होती."

"थाप नव्हती बाई. खरंच लागतो."

"पण स्पीकर त्यासाठी हलवला नाहीत."

"नाही."

खाली एक वळण झालं. दोघांनी ते होऊ दिलं.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"पाऊल उशिरा पडतं, हे गिरिजाला सांगितलं. कानाचं कुणालाच नाही."

"आणि याला?" त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं.

"याला कान कळत नाही. पाऊल कळतं. तुमचं नाव आणि तुमचं पाऊल."

"उद्या कुणी विचारलं, की महिनाभर कोण चुकत होतं, तर?"

"सांगेल," सर म्हणाले. "खोटं बोलायला त्याला शिकवलेलं नाही."

"खोटं नका शिकवू. कमी बोलायला शिकवा."

सर बोटातला शेंगदाणा तसाच धरून बसले. त्यांनी इतके दिवस हे स्वतःला कसं विचारलं नव्हतं? तारा गोल यायला ठोका कधी पडणार एवढंच कळायला हवं. तो कुणाचा, याच्याशी ताऱ्याला काय करायचंय? मृगाला नसीम भाभींचं नाव माहीत असण्याची काही गरज नव्हती.

त्यांनी फोन काढला. "ठोकताळ्या, पावलं ठेव. नावं पूस."

"पुसलेली नावं परत मिळणार नाहीत. एकेका नावासाठी होकार द्यावा."

"इंदुमती शेटे. पूस."

"पुसलं."

शेटेबाईंनी शिट्टीची दोरी सरळ केली.

"नसीम बागवान. रझाक बागवान. मस्के." सर एकेक नाव सांगत गेले. प्रत्येक नावासरशी त्यांना इमारत थोडी जास्त रुंद झाल्यासारखी वाटत होती. खाली हलगी थांबली, टाळ्या वाजल्या, गाड्या परत जागेवर लावल्याचे आवाज आले. सर नावं सांगत होते. टॅबलेटवर दरम्यान फोटो पूर्ण झाला. शेटेबाईंनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला.

गुलाबी ढग त्याच्या सगळ्या घड्यांसकट उमललेला होता. आणि भोवती तारे, टोचून ठेवल्यासारखे, बारीक आणि गोल.

"हे आमच्या नाचण्यातून आलं?" त्यांनी विचारलं.

"नाचण्यातून नाही. एकत्र नाचण्यातून."

शेटेबाई बराच वेळ फोटो बघत राहिल्या. "सव्वीसनंतरही सराव चालू ठेवायला हवा मग," त्या म्हणाल्या. "आणि किल्ली राहू दे तुमच्याकडेच. मला सारखी वर-खाली करायला वेळ नाही." त्यांनी दोरीतून किल्ली काढून सरांच्या पुढ्यात ठेवली.

"एक नाव उरलं आहे," ठोकताळ्या म्हणाला. "गिरिजा हत्तुरे. पुसायचं?"

सर घुटमळले. "सर्वांत नियमित पाऊल" हे त्या नावापुढे लिहिलेलं होतं. आणि आणखीही एक कारण होतं, ते त्यांच्या बोटांत होतं. डॉक्टरांनी त्यांचं मीठ केव्हाच बंद केलं होतं.

"पूस," ते शेवटी म्हणाले.

"सूचना," ठोकताळ्या त्याच्या स्वच्छ, मोठ्या, सगळ्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "हे नाव पुसल्यास 'गिरिजा येत आहेत, शेंगदाणे लपवा' हा आगाऊ इशारा यापुढे मिळणार नाही. हा इशारा आपण सर्वाधिक वापरता. तरीही पुसायचं?"

"कसला इशारा?" मागून गिरिजाने विचारलं.

ती जिन्याच्या दारात उभी होती. कपाळावर घाम, कमरेला पदर खोचलेला, हातात लेझीम. सरांनी पुडी चटईखाली सरकवली. चटई कुरकुरली.

"कसला इशारा म्हणाला तो?" गिरिजाने शेटेबाईंना विचारलं. "बाई, तुम्ही इथेच होतात. तुम्ही ऐकलंत ना?"

शेटेबाईंनी टॅबलेट खाली ठेवला, आणि अंगावरची धूळ झटकत उठून उभ्या राहिल्या.

"मला नका विचारू, गिरिजाबाई," त्या म्हणाल्या. "माझा डावा कान बंद आहे. आणि यंत्र त्याच बाजूला होतं."